मावशी, बांगडा आणि फ्रान्सची लाल वाइन

“मी इसरत नाय,” असं म्हणून मावशी ओला अंगठा पदराला पुसायच्या. आता कुणाचं तरी काही खरं नाही, हे आम्ही ओळखायचो.

ठाण्यातल्या एका हॉटेलात त्या मटण-मासे करायच्या. मी तिथे कॅप्टन होतो, म्हणजे टेबलांची सगळी व्यवस्था माझ्याकडे. मावशी आंबिवलीच्या, आगरी. डूख धरणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, पण मावशी वाट बघून, सावकाश उट्टं काढायच्या. गावातल्या नारळवाल्याने त्यांना एकदा खवट नारळ दिले. पुढे त्याच्याच मुलीच्या हळदीचा स्वयंपाक यांच्याकडे आला. त्यांनी सगळा नारळ त्याच्या शेजारच्या दुकानातून आणला आणि भर पंगतीत, त्याला वाढता वाढता, तसं सांगितलं.

एके वर्षी मालकांनी दक्षिण फ्रान्सची लाल वाइन मागवली. तिच्याबरोबर काय वाढायचं हे ठरवायला एक सल्लागार आले. त्यांना सगळे सर म्हणायचे. सर ग्लास फिरवून बरंच बोलले, आम्हाला त्यातलं थोडंच कळलं. मावशींनी माझ्याकडून घोटभर मागून घेतली, वाटीत. आधी वास घेतला, मग तोंडात घोळवली.

“मिरी हाय,” त्या म्हणाल्या. “आन सुकलेला रानपाला.”

कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ धरते, तेव्हा हिला चरबी पाहिजे आणि तिखट बेताचं, नाहीतर घसा जळेल, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर त्या करून बघत होत्या. शेवटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं, मिरी घातलेलं चरबीदार मटण जमलं. त्यावर घोट घेतला की वाइनचा तुरटपणा विरून जायचा.

पहिल्या रविवारी दुपारी निवडक पाहुण्यांना ते वाढलं. एका बाईंनी विचारलं, हे केलं कोणी? सर म्हणाले, “डोकं माझं. मावशी नुसतं ढवळतात.” मी बाटली घेऊन शेजारीच उभा होतो. खरं माहीत असून मी पुढचा ग्लास भरला. आत गेलो तर मावशी दाराशीच होत्या, अंगठा पुसत.

चार महिन्यांनी सरांनी मोठं जेवण ठरवलं. त्याच वाइनबरोबर या वेळी बांगडा. मावशींनी उरलेली वाइन नेऊन ते घरी आधीच करून बघितलं होतं, पण सरांना एकच विनंती केली, की माझ्या हातून चूक नको, सगळं लिहून सही करून द्या. सरांनी खुशीत सही केली.

त्या दुपारी पहिल्या घोटालाच पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. एक जण म्हणाले, लोखंड चाटल्यासारखं लागतंय. सर घाईने म्हणाले, मासा शिळा असणार.

मावशी बाहेर आल्या. पाहुण्यांसमोर येण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी त्या गृहस्थांना पाण्याने चूळ भरायला लावली आणि नुसता बांगडा खायला दिला. उत्तम आहे, ते म्हणाले. मावशींनी सहीचा कागद टेबलावर उलगडून ठेवला.

“डोकं यांचं,” त्या म्हणाल्या. “मी नुसती ढवळते.”

सरांचा चेहरा बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मालकांनी हात जोडून विचारलं, दुसरं काही आहे का? होतं. घरून आणलेला मटणाचा मोठा डबा दारालगतच्या कट्ट्यावर होता. मावशींनी तो सर्वांदेखत पिशवीत घातला. मी मागे धावलो, निदान माझ्यासाठी तरी द्या म्हणालो. तेवढ्या हक्काने मी बोलायचो त्यांच्याशी.

“भाऊ, त्या रविवारी तुमी पन व्हतात तिथं,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि निघून गेल्या. परत कामावर आल्या नाहीत.

मध्यंतरी मी आंबिवलीला त्यांच्या घरी गेलो, माफी मागायला. आता त्या घरूनच मटणाच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, चहा दिला, मुलांची चौकशी केली. माफीवर नुसती मान हलवली. आत मटण शिजत होतं, एक वाजून गेला होता. मावशींच्या दारातून कुणी न जेवता जात नाही, असं रिक्षावाल्याने येताना कौतुकाने सांगितलं होतं.

मी पावणेदोनपर्यंत बसलो. मग उठलो, चपला घातल्या. “सांबालून जा,” मावशी म्हणाल्या.