चुकीच्या जागी लावलेली वायर

लग्नाचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरला त्याच्या जुन्या कॉम्प्युटरने नुसता वात आणला होता. कॅमेऱ्यातले फोटो कॉपी व्हायला इतका वेळ लागे, की बायको चहा घेऊन शेजारी बसायची आणि पडद्यावर एकेक उमटणाऱ्या वऱ्हाडाला मनसोक्त नावं ठेवायची. शेवटी वैतागून त्याने कॉम्प्युटर उघडला, आत नवं कार्ड बसवलं आणि मागे वेगवान यूएसबी पोर्ट मिळवले. त्या संध्याकाळी बायको आली, तर कॉपी संपलेली.

“झालंसुद्धा? मग जाते मी,” म्हणत ती कप ठेवून गेली. त्याला चहा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं, तर कॅमेऱ्याची वायर पुन्हा जुन्याच पोर्टात.

“अहो, चुकीच्या जागी लावलीत.”

“कळतंय मला,” तो खेकसला. “तू बस आधी.”