नेकनूरच्या माळावरचं जातं

माझ्या बायकोला प्लेगनं नेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आमच्या घरातलं जातं मुकं झालं होतं. दळण रोज व्हायचं. पण लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली माझी धाकटी बहीण यमुना एकटीच बसायची आणि तोंडातून ओवी काढायची नाही. पूर्वी नणंद-भावजय समोरासमोर बसून पहाटेच असा गलका करायच्या की माझी झोप मोडायची. आता झोप मोडत नव्हती आणि ती मला नकोशी झाली होती. यमुना दिवसाकाठी चार शब्द बोलायची, त्यातले दोन मांजराशी. ही अशीच मिटून जाणार का, या धास्तीनं मला घास जात नसे.

मोमिनाबादेत आमच्या दारावर बोरं-पेरू विकायला येणाऱ्या चांदभाईनं हे हेरलं होतं. तो म्हणाला, "कारकूनसाब, बाईला घेऊन आमच्या नेकनूरला या. जुम्म्याला आमची मंडळी जमती. कुंभार, चांभार, कुणबी, मुसलमान, समदे हायत. देवाचं नाव ज्याचं त्यानं घ्यायचं, भाकर मात्र एका पिठाची."

"लोक नावं ठेवत नाहीत?" मी विचारलं.

"ठिवत्यात की, लई ठिवत्यात. आमाला ऐकायला येळ न्हाई."

त्याची गाडी फळं विकून रिकामीच परत जाणार होती. भाड्याचं विचारलं तर म्हणाला, बैलांना पेंड घाला म्हणजे झालं. कुणी या वाटेनं जाणार असेल तर माझं ऐका: कडबा भरपूर अंथरा, घोंगडी दोन घ्या आणि रस्त्याबद्दल सरकारला दोष देऊ नका, कारण रस्ताच नाही. युसूफ वडगावला पोचेपर्यंत माझी हाडं एकमेकांची ओळख विसरली होती. तिथल्या बाजारात मात्र ताजा गूळ आणि शेंगदाण्याची अशी चटणी मिळाली की सगळं माफ केलं. बाजाराबाहेर एका शेतकऱ्यानं हुरडा भाजून हातावर घातला. यमुनेनं तो मुकाट्यानं खाल्ला. मुक्काम धर्मशाळेत केला. जागा झाडलेली होती, पिसवा मात्र जुन्या रहिवासी होत्या.

दुसऱ्या दिवशी केजच्या नाक्यावर शिपायानं गाडी अडवली. प्लेगची गाठ आहे का म्हणून त्यानं माझ्या नि चांदभाईच्या काखा चाचपल्या. मला गुदगुल्या होतात, हे सरकारी कामात सांगायची सोय नव्हती.

"कुठं निघाले?" त्यानं विचारलं.

"नेकनूरच्या मंडळीला," चांदभाई म्हणाला.

"मग माज्या नावानं बी एक भाकर खावा," असं म्हणून त्यानं वाटेवरचा आडवा बांबू वर केला.

नेकनूर गाव कुलपात होतं. प्लेगचे उंदीर मरून पडू लागल्यावर सगळी वस्ती माळावर तुराट्यांच्या झोपड्या करून राहिली होती. जाती गावातल्या बंद घरांत राहिली होती. गडबडीत एकच जातं बाहेर आलं होतं, ते निंबाखाली मांडलेलं. त्याच्याभोवती चाळीसेक माणसं बसली होती. चांदभाई नमाज पढून आला आणि टोपी न काढता चांभाराच्या मांडीला मांडी लावून बसला.

सरकारी शाळेत उर्दू शिकवणारे रंगनाथ मास्तर मंडळीचे जुने सभासद. त्यांनी आम्हाला रीत सांगितली. प्रत्येकानं आपल्या मनातलं गायचं. ज्याला गायचं नाही त्यानं दळायचं. त्या पिठाच्या भाकरी सगळ्यांनी खायच्या. कुणी अभंग म्हटला, कुणी दखनीत अल्लाची करुणा भाकली. एका म्हाताऱ्यानं तर देवाकडे बायकोचीच तक्रार केली. ती शेजारीच बसली होती. सगळे खदखदून हसले, तीही हसली. प्रार्थनेत हसलेलं चालतं, हे मला या वयात कळलं.

यमुनेची पाळी आली. ती म्हणाली, "मला येत न्हाई."

"मग बस बाई जात्यावर," मास्तर म्हणाले.

ती बसली. चांदभाईची बायको खतिजाबी उठून तिच्या समोर गेली आणि खुंट्यावर तिच्या हाताखाली हात धरला. "एकलीच कावून वढतीस गं? मी हाय की."

जातं फिरू लागलं. यमुनेची मान खाली होती. थोडं पीठ पडलं, आणि मग तिचा आवाज आला, आधी घोगरा, मग मोकळा:

"दादाची गं रुमी टोपी, डोईवर, न्हाई ठाव;
घरभर हुडकीतो, वैनी म्हनं आरसा दाव."

ही ओवी नणंद-भावजयींनी मिळून माझ्यावरच रचलेली होती. माझी झोप मोडणाऱ्या त्या गलक्यात रोज पहाटे माझीच अशी चेष्टा चालायची तर. मंडळी माझ्या डोक्यावरच्या, कचेरीत घालायच्या लाल रुमी टोपीकडे बघून हसत होती. मीही हसलो, मग रडलो, आणि दोन्ही करताना मला जराही लाज वाटली नाही.

"जात्यावर बसवलेलं बाईमाणूस गप ऱ्हात न्हाई," मास्तर हळूच म्हणाले. "त्येच्यासाठीच हाय ही रीत."

मला गाता येत नाही म्हटल्यावर मलाही दळायला लावलं. पुरुषाला सूट नव्हती. माझ्या भरड पिठाच्या भाकरी तव्यावरच मोडल्या. त्या माळावर उद्या कोण आजारी पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी माणसं त्या भाकरींवर ठेचा घालून मिटक्या मारत होती.

परत आल्यावर दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या पहाटे जाग आली तेव्हा जातं फिरत होतं आणि ओवी नव्हती. समोरची जागा रिकामी होती, हे मला तेव्हा कळलं. मी उठलो, सवयीनं अंगरखा-टोपी चढवली, खाली बसलो आणि खुंटा धरला.

"दादा, लोक काय म्हनतील?"

"ऐकायला वेळ नाही," मी म्हणालो.

तिनं जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकले. मग म्हणाली, "उलटं फिरवाया लागलास." आणि ओवी सुरू झाली.

कचेरीची वेळ झाली तेव्हा टोपी सापडेना. मी घरभर शोधली. यमुनेनं आरसा आणून माझ्यापुढे धरला. टोपी डोक्यावरच होती, पिठानं पांढरी झालेली. मी ती न झटकता तशीच घालून कचेरीत गेलो.