मिस पर्लचा लाल पट्टा

कोल्स क्रॉसिंगच्या कॅफेत खिडकीपाशी डॉर्सी किम्ब्रोची खुर्ची ठरलेली. गेलं वर्षभर त्या खुर्चीच्या पाठीला रोज सकाळी कोणीतरी लाल रिबन बांधून ठेवायचं. डॉर्सी यायचा, गाठ सोडायचा, रिबन खिशात कोंबायचा आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्यांची पेज, मागवायचा. 'आज तरी आठवणीनं सोडलीस ना रे?' असं कोणीतरी विचारायचंच, आणि बाकीचे कॉफीच्या कपात तोंड घालून हसायचे. दक्षिण अलाबामातली माणसं गोड बोलतात म्हणून बाहेरचे लोक कौतुक करतात. बोलतात गोड, नाही कोण म्हणतंय? पण एकदा एखाद्याला धरलं की वर्षभर सोडत नाहीत.

त्या रिबनीमागची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. निदान गावाची तशी समजूत होती.

डॉर्सी भुईमुगाच्या शेंगा सोलण्याच्या गिरणीतला मेकॅनिक. त्याआधी, मिसरूड जेमतेम फुटलेलं असताना, तो व्हिएतनामात ह्युई हेलिकॉप्टरवर क्रू चीफ होता. क्रू चीफ म्हणजे मशीनची देखभाल करणारा आणि उड्डाणात मागच्या कोपऱ्यात बसून शेपटीकडे लक्ष ठेवणारा माणूस. पायलट रोज बदलायचे, मशीन क्रू चीफचं असायचं. पायलटनं ते उडवायला मागून न्यायचं आणि धड परत आणायचं, असा रिवाज होता. पायलट एकदा खुर्चीत बसला की त्याच्या बाजूची चिलखती फळी पुढे सरकवायची आणि दार लावायचं तेही क्रू चीफनं. पायलट स्वतःचं दार स्वतः लावत नसे.

हॉइट लॅसिटर त्या पायलटांपैकीच एक होता, कोवळा लेफ्टनंट. युद्धानंतर हॉइटनं जन्मभर शेतांवर औषध फवारणारी विमानं उडवली. दोघंही म्हातारे झाले, घरी बसून बायकांच्या डोक्याला ताप झाले, आणि मग एके दिवशी हॉइटला वनखात्याच्या अंगणात गवतात रुतलेली एक जुनी ह्युई दिसली. आत गांधीलमाश्यांची पोळी होती आणि अर्धी वायरिंग उंदरांनी खाल्ली होती. डॉर्सीनं तिच्याभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला की हिला इथं ठेवून मी घरी जायचा नाही.

तिला उभी करायला त्यांना आणि गावातल्या आणखी काही जुन्या सैनिकांना वर्षानुवर्षं लागली. तिचं नाव डॉर्सीनं ठेवलं, मिस पर्ल. खरी मिस पर्ल त्यांच्या लहानपणी शाळेत स्वयंपाकीण होती. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा. ह्युईचंही तसंच. पात्यांचा तो धप-धप आवाज पाइनच्या रानापलीकडून येतो, आधी छातीत जाणवतो आणि मग मान वर होते. दर शरद ऋतूत शेंगांच्या जत्रेत मिस पर्ल उडायची, आणि उकडलेल्या शेंगांच्या कागदी पिशव्या हातात घेतलेली माणसं खाणं थांबवून वर बघायची. व्हीलचेअरवरचे म्हातारे टोप्या काढायचे.

गेल्या वर्षीच्या जत्रेत मात्र घोळ झाला. ह्युई जमिनीवर असताना तिचं एक पातं पट्ट्यानं शेपटीला बांधून ठेवतात, वाऱ्यानं फिरू नये म्हणून. पट्ट्याला लाल कापड असतं. उड्डाणाआधी क्रू चीफनं पट्टा सोडायचा, पातं आडवं फिरवायचं आणि समोर येऊन पट्टा हात वर करून पायलटला दाखवायचा. पट्टा दिसल्याशिवाय पायलटनं इंजिन सुरू करायचं नाही. त्या दिवशी डॉर्सी पट्टा सोडायला निघाला होता, तेवढ्यात प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीपलीकडून एका बाईनं हाक मारली. तिच्या हातात भावाचा फोटो होता. असल्याच हेलिकॉप्टरमधून त्याला शेवटचं उचललं होतं, म्हणाली. डॉर्सी तिच्यापाशी थांबला, तिचा हात हातात धरून बोलला, आणि परत आला तो पट्टा सोडलाच आहे अशा समजुतीत. हॉइटचं दार लावून तो मागे जाऊन बसला. इंजिन सुरू झालं, पट्टा ताणला गेला, तुटला, आणि त्याची कडी शेपटीवर आदळून पत्रा चेपला. हजारो लोकांसमोर मिस पर्ल बंद करावी लागली.

धूळ खाली बसायच्या आत डॉर्सी म्हणाला, "चूक माझी." गटाचा नियम होता, चुकणाऱ्यानं जमिनीवर बसायचं, उडायचं नाही. तो बसला. त्याची जागा टॅमराला मिळाली, सैन्यातून नुकत्याच परतलेल्या चांगल्या हाताच्या मेकॅनिक मुलीला.

आता यातली निम्मी चूक हॉइटची होती. पट्टा न बघताच त्यानं इंजिन सुरू केलं होतं. एक पातं शेपटीला बांधलेलं राहिल्यानं दुसरं त्याच्या नाकासमोर लोंबत होतं आणि तो जत्रेतल्या पोरांना हात करत होता. हे डॉर्सीला ठाऊक होतं, हॉइटला ठाऊक होतं, तिसऱ्याला नव्हतं. पण हॉइटचं हृदय थकलं होतं. डॉक्टरनं एकाच वर्षाचं उडण्याचं प्रमाणपत्र दिलं होतं, आणि तेही हेच शेवटचं असं बजावून. डॉर्सी बोलला असता तर हॉइटचं शेवटचं वर्ष जमिनीवर गेलं असतं. म्हणून त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. खिशात रिबनी साठत गेल्या. हॉइट दोनदा हँगरमध्ये येऊन, घसा खाकरून, 'डॉर्सी, हे बघ' म्हणाला. दोन्ही वेळा डॉर्सीनं ग्राइंडर चालू केला.

मला विचाराल तर हा असला चांगुलपणा बघून रागच येतो. चेपलेला पत्रा त्यानंच ठोकून सरळ केला, वर्षभर रोज मिस पर्लला ग्रीस दिलं, आणि आत मात्र पाऊल टाकलं नाही. रात्री जेवताना बायकोनं विचारलं की तो म्हणायचा, बरं चाललंय. बरं नव्हतं. त्याला त्या कोपऱ्यातली जागा हवी होती, आणि हॉइटच्या शेवटच्या उड्डाणात तर हवीच होती.

यंदाच्या जत्रेचा दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ, वारा बेताचा. डॉर्सी दोरीपलीकडे, लोकांत, शेंगांची पिशवी घेऊन उभा. टॅमरानं पट्टा सोडला, पातं फिरवलं, समोर येऊन पट्टा वर धरला. सगळं अगदी रीतसर. हॉइटनं मान हलवली नाही. तिनं पट्टा आणखी उंच धरला. हॉइट समोर बघत बसून राहिला. त्याचं दार उघडंच होतं, आणि टॅमरा ते लावायला गेली तर त्यानं हात आडवा घातला. निवेदकानं मिस पर्लचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

टॅमरा आत वाकून काहीतरी बोलली आणि मग दोरीपाशी आली. "मिस्टर डॉर्सी, ते तुम्हाला बोलावतायत. बाकी कोणाचं ऐकत नाहीत."

डॉर्सी दोरीखालून वाकून गेला. गुडघे कुरकुरले. "काय तमाशा लावलायस? दार लावून घे आणि नीघ."

"ह्युईचं दार पन्नास वर्षांत कधी स्वतः लावलं नाही, आता शिकू?" हॉइट म्हणाला. मग हेल्मेट काढून त्यानं टॅमराला आणि गटातल्या बाकीच्यांना जवळ बोलावलं. आवाज त्यानं खाली केला नाही. "गेल्या वर्षी पट्टा राहिला ती याची चूक. पट्टा न बघता इंजिन सुरू केलं ती माझी. मी पोरांना हात करत होतो. हा गप्प बसला, आणि मी त्याला गप्प बसू दिलं. आता मला खाली उतरवायचं तर उतरवा."

डॉर्सीचा चेहरा लाल झाला होता. वर्षभर जपलेलं त्या गाढवानं उड्डाणाच्या तोंडावर उधळून टाकलं होतं. नियमाप्रमाणे हॉइटलाही खाली बसवायला हवं होतं. सगळे टॅमराकडे बघायला लागले, कारण आज मशीन तिचं होतं.

टॅमरानं पट्टा डॉर्सीच्या हातात दिला. "मिस पर्लला नाव तुम्ही दिलंत. मिस्टर हॉइट उडणार की नाही, ते तुम्हीच ठरवा."

डॉर्सीनं पट्टा हातात तोलला. मग तो हॉइटकडे पाठ फिरवून चालत सुटला, आणि लोकांना वाटलं हा चालला घरी. पण तो शेपटीकडे गेला. कडी जिथं अडकवतात तिथं हात फिरवला, पात्याकडे वर बघितलं, पूर्ण फेरी मारून नाकासमोर आला आणि दोन्ही हातांनी पट्टा डोक्यावर धरला.

"दिसला का, लेफ्टनंट?"

"दिसला."

"त्या शेंगावाल्यांना ऐकू जाईल असं सांग."

"दिसला," हॉइट ओरडला, आणि दोरीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्ध्या लोकांना कशासाठी ते माहीत नव्हतं.

डॉर्सीनं हॉइटची फळी पुढे सरकवली, दार लावलं आणि त्यावर तळव्यानं थाप मारली. मग मागच्या कोपऱ्यात चढला. टॅमरानं त्याच्या सीटचा पट्टा स्वतः आवळला आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मिस पर्ल उठली. गवत आडवं झालं, टोप्या उडाल्या, कोणाच्या तरी शेंगांची पिशवी आभाळात गेली. हॉइटनं तिला पाइनच्या शेंड्यांवरून वळवून जत्रेवरून असं काही नेलं की खाली व्हीलचेअरमधले दोन म्हातारे हातावर जोर देऊन उभे राहिले. ती फोटोवाली बाईही यंदा आली होती. तिनं फोटो वर धरला होता. डॉर्सीनं उघड्या दारातून बाहेर झुकून तिला सलाम केला आणि मग मोठ्यानं रडला. त्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्याला पर्वा नव्हती.

सोमवारी तो कॅफेत आला तेव्हा त्याच्या खुर्चीला रिबन नव्हती. ती समोरच्या खुर्चीला होती, आणि हॉइट शेजारी ताटकळत उभा. त्यानंच पहाटे येऊन बांधली, असं कॅफेवाल्या अर्लीननं सांगितलं.

डॉर्सीनं गाठ सोडली आणि रिबन हॉइटच्या नाकासमोर धरली. हॉइटनं ती नीट बघितली, मान हलवली. डॉर्सीनं खुर्ची मागे ओढली, हॉइट बसला, आणि डॉर्सीनं ती टेबलापर्यंत आत सरकवून पाठीवर तळव्यानं थाप मारली. मग त्यानं दोघांसाठी ग्रिट्स मागवले.