लाटण्यावरच्या लाटा

फोन आला तेव्हा मी संतपूरला अंगणात तूर पाखडत होते. "मंगलबाई, दत्तूअण्णा गेला. मशीनवरलं लाकूड फुटून कानशिलाला लागलं," माहेरचा शेजारी सांगत होता. मी सूप खाली ठेवलं नाही, फेकलंच. ज्या मशीनपायी माझ्या भावानं एवढी बोलणी खाल्ली, त्याच मशीनवर तो गेला... एवढंच डोक्यात आलं.

माझा हा थोरला भाऊ गाणगापूरच्या दुकानांना लाटणी करून द्यायचा. सगळं काम दोरीवरचं. दोन खुंट्यांत अडकवलेल्या लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा, वैनी समोरच्या दगडावर बसून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची, की लाकूड एकदा इकडं फिरायचं, एकदा तिकडं. लाकूड आपल्याकडं फिरलं की अण्णा तासायचं हत्यार टेकवायचा, उलटं फिरलं की उचलायचा. टेकव, उचल. लग्न झाल्यापासून दोघांचं हेच. भांडण झालं तरी दोरी चालूच, फक्त त्या दिवशी वैनी असे हिसडे द्यायची की अण्णा ओरडायचा, "माझा राग लाकडावर कामून काढायलीस?"

मग वैनीचा खांदा धरला. पदर डोक्यावर घेताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. अण्णा कुणाला न विचारता सोलापूरला गेला आणि लाकूड फिरवणारी, मोटारीवरची लेथ घेऊन आला. मी तेव्हा माहेरीच होते. टेम्पोतून उतरवली, शहाबादी फरशीवर ठेवली, बटण दाबलं, तर ती बया थरथरत दाराकडं चालायलाच लागली! त्यात वायरमननं तारा उलट्या जोडलेल्या, लाकूड भलतीकडंच फिरत होतं. हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी लिंबाच्या ओंडक्यावर, खाली जुन्या टायरचे तुकडे घालून, बोल्टांनी आवळली तेव्हा ती गप उभी राहिली.

खरी पंचाईत पुढंच होती. मोटार एकाच दिशेनं फिरते, थांबत नाही. अण्णाचा हात मात्र उचलतच राहिला. टेकव, उचल. लाटण्यावर बारीक बारीक लाटा उमटायच्या. दुकानदार माल परत करायला लागले.

"अण्णा, हत्यार टेकवूनच धर की! कुणासाठी उचलायलास?" मी चिडून म्हटलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "उचललं की तुझी वैनी दम घ्यायची ना गं..."

त्यातलं एक लाटणं मी हट्टानं घेऊन आले. त्यानं पोळी लाटली की पोळीवर रेघा उठायच्या, सून कुरकुरायची. कुरकुरू दे.

मातीला गेले तर ओट्यावर बसलेल्या माणसांचं तेच चाललेलं. "मशीन आलीच न्हाई त्याला. ह्या वयात नसता उद्योग." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस अजून दारात आहे आणि ह्यांची जीभ बघा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैनी आत गेली आणि फुटलेल्या लाकडाचे दोन तुकडे घेऊन आली. "मंगलबाई, हात फिरवून बघा."

मी फिरवला. गुळगुळीत. एक लाट नाही. आणि फुटलं होतं तिथं कडेचं लाकूड ताजं, पांढरं होतं. मधली चीर मात्र काळी, जुनी.

"चीर लाकडातच होती," वैनी ओट्यावर ऐकू जाईल अशी म्हणाली. "मशीन आलती त्याला."

ओट्यावरची माणसं एकेक करून उठली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बरं वाटून करायचं काय... भाऊ तर गेला.

निघताना त्यातला एक तुकडा मी मागितला. "न्या," वैनी म्हणाली. "मला तुमचं ते लाटणं द्या. लाटावालं."

परवा नेऊन दिलं. मशीनवर पोतं टाकलेलं होतं आणि वैनी समोर त्याच दगडावर बसली होती. लाटणं मांडीवर घेऊन ती एकेका लाटेवरून अंगठा फिरवायला लागली.

"वैनी, हे तर मशीनवरचं. तेव्हा कुठं तुम्ही ओढत होता?"

"व्हय. हितंच रिकामी बसले होते." तिचा अंगठा थांबला. "तरी बी बघा की... दर येळी थांबलाय माझ्यासाठी."

माझ्या घरी नवं लाटणं आणलंय. पोळ्या सपाट होतात, सून खूश आहे. माझं बोट मात्र अजून पोळीवर त्या रेघा शोधतं.