शेअर करणाऱ्यांची यादी

नाना रस्त्यात उकिडवे बसायचे, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात अर्धे वाकायचे आणि लोखंडी पाइपाला कान लावून डोळे मिटून घ्यायचे. ओट्यांवर हंडे घेऊन बसलेल्या बायका गप्प व्हायच्या. कुणी काही विचारलंच, तर नानांचं एक बोट वर जायचं. मग एकदम सरळ होऊन म्हणायचे, "उनं!" म्हणजे आलं; आणि दोन मिनिटांत नळ खुरखुरायला लागायचे.

आमच्या गावाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. अशा गावात मुख्याधिकारी कोण हे लोकांना ठाऊक नसतं, पण पाणी सोडणारा माणूस शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. नाना मूळचे साक्रीकडचे. वीसेक वर्षं नगरपालिकेत रोजंदारीवर. मी तिथेच आस्थापनेचा कारकून, आणि कॉम्प्युटरमधलं बरंच कळतं असा माझा लौकिक. त्यांना कायम करण्याची फाईल माझ्याच टेबलावर होती, आणि ती एकदाची पुढे सरकली होती.

नानांचा कायदा एकच. "येल पानी आपलाजोडे ठेवाले नको, पुढं धाडानं." एकदा एका नगरसेवकानं त्यांना घरात बसवून गरम भजी खाऊ घातली, आपल्या गल्लीत पाणी जरा जास्त वेळ राहावं म्हणून. नानांनी भजी खाल्ली, चहा घेतला, वेळ झाल्यावर हात पुसत उठले आणि व्हॉल्व्ह बंद केला. जाताना "भजी चांगली व्हती" एवढं मात्र आवर्जून सांगितलं.

लेकीनं त्यांना आपला जुना फोन दिला, तेव्हा फेसबुक मीच उघडून दिलं. वाचनाच्या बाबतीत नाना स्वतःचं नाव आणि आकडे, यापुढे फारसे गेले नव्हते. ते चित्रं बघायचे. एक दिवस पोस्टखालच्या बाणावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, हाऊ बाण कसाना?"

"तो दाबला की आपल्याकडे आलेलं पुढच्या लोकांना जातं, नाना."

"मंग बरं शे," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी काहीही अडवून ठेवलं नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कुणाच्या दहाव्याची बातमी, मोबाइलच्या दुकानाचा सेल, बायकांची गोरं होण्याची क्रीम, सगळं नानांकडून पुढे जायचं. निवडणुकीत त्यांनी दोन्ही उमेदवारांचे फोटो एकाच सकाळी शेअर केले. दोन्हीकडची माणसं भांडायला आली, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "दोन्ही गल्ल्यास्ले पानी मीच सोडस ना?" आम्ही ऑफिसात आठवडाभर हसत होतो.

मग ती टाकीची पोस्ट आली. गावातल्या कुणीतरी आमच्या पाण्याच्या टाकीचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, की ही टाकी कित्येक महिने धुतलेली नाही, साहेबांनी हेच पाणी पिऊन दाखवावं. त्या आठवड्यात आमच्या घरच्या नळालाही वास मारणारं पाणी आलं होतं, बायको चिडली होती, मीही चिडलो होतो. मी ती पोस्ट शेअर केली. पण कारकुनाची जात; शूरपणा केला तो फक्त मित्रांपुरता. बाहेरच्या कुणाला दिसणार नाही अशी व्यवस्था करून मगच बाण दाबला.

मित्रांत नाना होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले, खुशीत होते. "भाऊ, तुमनी धाडेल टाकी मीबी पुढं धाडी दिनी. आपली टाकी शे ती! फोटो झकास उना."

नाना, ते आपल्याच विरोधात आहे, काढून टाका, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण त्यांना सांगायचं, तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. मी "बरं" म्हणालो आणि जिना चढलो.

दुपारी साहेबांनी बोलावलं. पोस्ट गावभर झाली होती. "टाकणाऱ्याचं बघू नंतर," ते म्हणाले. "आपल्यापैकी कोण कोण ही शेअर करतंय ते शोधा. तुम्हाला येतं ना?"

येतं. ऑफिसच्या खात्यावरून पोस्ट उघडली; खालच्या शेअरच्या आकड्यावर बोट ठेवलं की नावं उलगडतात. ज्यांनी मित्रांपुरतं शेअर केलं, ते परक्या खात्याला आकड्यात दिसतात, नावांत दिसत नाहीत. हे मला पक्कं माहीत होतं. तरी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. तेरा नावं होती. अकरावं नानांचं, ऑफिसातलं तेवढं एकच. माझं नव्हतं, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

मी यादी छापून दिली. साहेबांनी नावं मोजली. "आकडा चौदा दिसतोय. नावं तेराच?"

"तो आकडा कधीकधी चुकतो, सर."

नानांना बोलावलं. ते चपला दाराबाहेर काढून आत आले. साहेबांनी पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. शब्द पुढे जात होते तसा नानांचा चेहरा उतरत गेला. टाकीबद्दल असं काही लिहिलंय, हे त्यांना तेव्हा कळलं.

"ही तुमच्याकडे आली कुणाकडून?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग खाली बघून, कुठून आली ते आठवत नसल्यासारखं म्हणाले, "कथाईनबी येतस सायेब. बठ्ठं काय याद ऱ्हास?"

मी तिथे उभा होतो. हातात फाईल होती, तोंड होतं, जीभ होती. कायम करण्याची फाईल त्याच संध्याकाळी परत आली आणि रोजंदारी महिनाअखेरीस बंद झाली.

शेवटच्या दिवशी ते गमबूट आणि टॉर्च जमा करायला माझ्या टेबलाशी आले. मी पावती लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाना, मी साहेबांना खरं सांगतो."

"नको. तुमनी पोर शिकी ऱ्हायनी." मग टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "पहिले ती पोस्ट काढी टाका, भाऊ. आखो कोनी दखी लेई."

मी फोन काढला. त्यांच्यासमोर, त्या टेबलावर, माझं शेअर शोधलं आणि काढून टाकलं. नाना बघत उभे होते.

"गई?"

"गेली."

"मंग मी निंघस."

ते साक्रीकडे लेकीच्या गावी गेले. दोन वर्षांनी तिथेच वारल्याचं कळलं, तेही त्यांचे दिवस झाल्यावर. ते साहेब बदलून गेले, दुसरे आले. मी अजून त्याच टेबलावर आहे. हे सगळं इतकं मोकळेपणानं लिहिलं, पण गावाचं नाव कुठे घातलं नाही, बघा. माझंही नाही.