बाबांना दगड शिकवले ते वर्ष

एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या वाचनालयात बसले होते. माझा विषय भूविज्ञान. यादीत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं नाव होतं, माझं नव्हतं. तिने माझा हात धरला आणि लगेच सोडला, कारण तिच्या घरून फोन यायला लागले होते.

घरी बाबा व्हरांड्यात मेथी निवडत होते. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून सारी नोकरी झाली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

"नहीं हुआ, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मेथी बाजूला ठेवली. "मंग पुन्हा बस. पण मले एक सांग, किती उत्तरं अंदाजानं ठोकली होती?"

बरीच ठोकली होती. चुकीच्या उत्तराला गुण कापतात हे माहीत असूनही प्रश्न रिकामा सोडायचा धीर होत नव्हता.

आमच्या घरी बोलणं असंच चालायचं. आजोबा गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हापासून घरात मराठी होती. आई-बाबा मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायची. मला सगळं कळायचं. तोंडातून मात्र निघायचं नाही, आणि काढायची वेळ कधी आली नाही.

ती वेळ दिवाळीनंतरच्या आठवड्यात आली. सकाळी बाबा दाढी करत होते. वस्तरा बेसिनमध्ये पडल्याचा आवाज झाला, मागोमाग पाण्याचा मग पडला. मी धावले तेव्हा ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच होता, आणि तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी दिसत होती.

पक्षाघात होता. दवाखान्यात जीव वाचला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. तिसऱ्या दिवशी नर्सने विचारलं, "बाबूजी, अपना नाम बताइए." बाबा तिच्याकडे परक्या मुलखातल्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. ज्या माणसाने स्टेशनास्टेशनवर हिंदीत हुज्जत घातली होती, त्याला ते चार शब्द पोचलेच नाहीत. मग आई वाकून म्हणाली, "बरं वाटते का?" त्यांचे ओठ हलले. "वाटते," ते म्हणाले.

बोलण्याचा व्यायाम शिकवायला एक दीदी घरी यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरात कोण कोणती भाषा बोलतं? आईने सांगितलं, "आम्ही दोघं मराठी. ही पोट्टी हिंदीत बोलते."

"हव," दीदी मान हलवून म्हणाल्या. "तो अब बेटी भी मराठी बोलेगी. दो भाषा इनके लिए अभी बहुत है."

आईची सरकारी शाळेच्या ऑफिसात नोकरी होती, तिच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. म्हणून दिवसभर बाबांजवळ मी राहायचं ठरलं. वाचनालय सुटलं. पुस्तकं घरी आणली तेव्हा मला मनातून हेच वाटत होतं की हेही वर्ष गेलं. हे कुणाजवळ बोलण्यासारखं नव्हतं. बाप अंथरुणात पडलेला असताना आपल्याला परीक्षेचं दुःख होतं, याचीच लाज वाटायची.

पहिलं वाक्य मी बोलले ते, "बाबा, चहा झाली." बाबांनी मान वळवली. कितीतरी वेळ ओठांशी झटापट केली आणि म्हणाले, "झाला." त्या दिवसांत त्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता, आणि तो माझी चूक सुधारण्यासाठी होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दीदींनी चित्रांची कार्डं दिली होती. सफरचंद, खुर्ची, मांजर. बाबांना त्यांचा राग यायचा. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने सगळी कार्डं जमिनीवर भिरकावली. मला त्यांचं बरोबर वाटलं. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मांजर काय विचारायचं? टेबलावर बीएस्सीच्या सहलींतून आणलेले दगड पडले होते. त्यातला एक सहज त्यांच्या हातात दिला. लोहखनिजाचा होता, लाल आणि काळसर पट्ट्यांचा.

त्यांनी तो हातात तोलला. अंगठ्याने पट्टे चोळले. "राजहरा," ते म्हणाले.

दल्ली राजहराच्या खाणींतून हाच दगड भरून भिलाईला जाणाऱ्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात ते वर्षानुवर्षं बसले होते. मी म्हटलं, "हो बाबा, राजहराचाच." आणि पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून त्या दगडाची माहिती सांगायला लागले, मोडक्या मराठीत. की फार जुन्या काळी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. पाण्यातल्या बारीक जिवांनी ऑक्सिजन सोडला, तेव्हा ते गंजासारखं खाली बसलं.

बाबांनी एका पट्ट्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. "काहून?"

लाल एक, काळा एक, असं का? उत्तर मला पाठ होतं, इंग्रजीत, दोन ओळींचं. मराठीत सांगू गेले आणि लक्षात आलं की ते मला माहीतच नाही. मी पुस्तक उघडलं. संध्याकाळी आई आली तेव्हा मी तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते. पट्टे नेमके कसे पडले यावर जाणत्यांचंही पुरतं एकमत नाही, हे त्या दिवशी कळलं. तसं बाबांना सांगितलं, तर त्यांनी समाधानाने मान हलवली.

मग रोज दुपारी जेवणानंतर हेच. एक धडा मी वाचायची आणि त्यांना समजावून सांगायची. इंग्रजी शब्दांना मराठी सापडत नसत. घडीच्या पर्वतांसाठी मी त्यांच्याच पांघरुणाला घड्या घालून दाखवल्या. रायपूरची फरशी ज्या दगडाची, तो उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला, हे सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि डाव्या हाताने लाटा केल्या. 'काहून' हा शब्द त्यांना सहज येत असे, म्हणून तो ते कुठेही वापरत. कधी तो खरा प्रश्न असायचा, कधी नुसता हुंकार. मी दर वेळी तो प्रश्नच समजत असे.

सगळे दिवस असे नव्हते. परीक्षेला दीड महिना उरला होता. एका दुपारी मी सराव प्रश्नपत्रिका सोडवत होते आणि बाबा काहीतरी मागत होते. पाणी नको, चादर नको, लघवी नाही. एकच अक्षर पुन्हा पुन्हा. "प... प..." मी पेन आपटलं. "मुझे पढ़ने दोगे कि नहीं?"

शब्द कळले नसतील. आवाज कळला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग दोन दिवस ते एक अक्षरही बोलले नाहीत. दीदी आल्या तरी नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "पंखा म्हणत असतील. उकडते त्यायले दुपारी." पोळी तव्यावर टाकून पुढे म्हणाली, "त्यायले वाटते तुह्यं शिक्षण त्यायच्यापायी राहून चाललं. मले हातानं खुणा करून सांगतात, पोरगी घरी अडकली म्हणून. आता तू आणखी घाबरवू नको."

मी पंखा लावला आणि त्यांच्या पायाशी बसले. "बाबा, माझी चुकी झाली," असं म्हटलं. चुकी म्हणतात की चूक, ते तेव्हा आठवेना. त्यांनी सुधारलं नाही. डावा हात पुढे करून माझं पुस्तक स्वतःकडे ओढलं, उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं. ते उलटं होतं.

परीक्षेच्या दिवशी आईने रजा घेतली. केंद्र शहराबाहेर होतं, अभनपूरच्या रस्त्यावर. संगणकासमोर बसल्यावर ज्या प्रश्नाचं उत्तर मी कुणाला समजावून सांगू शकले नसते, तो सोडून दिला. असे पुष्कळ सुटले. बाहेर आले तेव्हा बरं वाटत होतं असं नाही, पण आपण काय लिहिलं ते मला माहीत होतं.

पहिल्या यादीत नाव आलं नाही. दुसऱ्या यादीत आलं, दूरच्या एका विद्यापीठासाठी, रेल्वेने दीड दिवसाचा प्रवास. मी आईला म्हटलं, मी जात नाही, इथेच काहीतरी बघते. आई म्हणाली, "मी काही सांगत नाही. बाबांले विचार."

मी विचारलं. शहराचं नाव दोनदा सांगितलं. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले, कपाळावर घाम आला. "गाडी," ते म्हणाले. थांबून पुन्हा, "गाडी... कधी?"

मी गेले. दुसऱ्या सत्रात बाबा न्हाणीघरात पडले, पाय मोडला, आणि आईने मला आठवडाभर सांगितलं नाही. समजलं तेव्हा मी तिकीट काढायला निघाले होते. ती फोनवर चिडली, मग रडली, मग म्हणाली, "तू येऊन त्यायचा पाय जोडशील का? परीक्षा दे अन् ये." मी परीक्षा दिली आणि मग आले. हे बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. हिंदी परत आली नाही. शेजारचे लोक रामराम करतात, बाबा हात वर करतात. डॉक्टर म्हणाले, यापुढे फारसं काही येणार नाही, आहे ते सांभाळा. सुट्टीत घरी आले की मी आईला दुपारी झोपू देते आणि बाबांजवळ बसते. कधी आम्ही थोडं बोलतो. बहुतेक वेळा नुसतेच बसतो.