परशरामची चौथी टेस्ट

“मॅडम, फिर से टेस्ट करना है,” परशराम म्हणाला. नाव अर्थातच बदललं आहे. त्याची ही चौथी वेळ. आधीचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह.

कानडी मुलखातल्या येलहंकाच्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्ही तपासणीची काउन्सेलर आहे. टेस्टच्या आधी माणसाशी बोलायचं, नंतर रिपोर्ट समजावून सांगायचा, हे माझं काम. परशराम देवनहळ्ळीला राहायचा, विमानतळाची कॅब चालवायचा. पहिल्यांदा आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, “गलत काम हो गया.” बाहेर रांग होती. मी फॉर्मवर ‘असुरक्षित संबंध’पुढे टिक केली आणि त्याला रक्त द्यायला पाठवलं.

या वेळी आमचे डॉक्टर वैतागले. “मॅडम, हा दर तीन महिन्यांनी का येतो? किट काय झाडाला लागतात?”

“विचारते, सर.”

“स्वल्प नीट विचारा.” त्यांचं कानडी ‘स्वल्प’ म्हणजे ‘जरा’.

बाहेर आले तर तो बाकावर बसून फोनवर बोलत होता. चक्क मराठीत. “जेवलीस काय गं? येतो की. सुट्टी गावंना झालीय. पोरगी चालायला लागली? फोन धर बघू तिच्या कानाला.” मग तो बराच वेळ नुसताच ऐकत राहिला, डोळे पुसत.

माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. बनशंकरीच्या माझ्या घरात ‘जेवलीस का’ असं आता कुणी विचारत नाही. खरं सांगते, मला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला.

त्याला आत बोलावून दार लावलं. “कुठले तुम्ही?” मी मराठीत विचारलं.

तो दचकलाच. “निपाणीकडचा. तुम्ही मराठी?”

“पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण मराठी. आता नीट सांगा, काय झालं होतं?”

हिंदीत चार शब्दांत उरकलेली गोष्ट मराठीत अर्धा तास चालली. मित्रानं लॉजवर नेलं होतं. “बाई होती. जवळ घेतलं. कपडे अंगावरच होते. वरनंच हात फिरवले. मग बायको डोळ्यांपुढं आली. उठून आलो.”

“आत प्रवेश झाला?”

“नाही.”

“तोंडानं काही? कुठं जखम, रक्त?”

“काहीच नाही, अक्का.”

संबंधांतून एचआयव्ही पसरायला विषाणू असलेलं रक्त, वीर्य किंवा योनीतला स्राव शरीराच्या आतल्या नाजूक त्वचेपर्यंत किंवा उघड्या जखमेपर्यंत पोचावा लागतो. मिठीतून, कपड्यांवरून, धडधाकट कातडीवरून तो जात नाही. आधी घडलं काय ते विचारायचं, मग टेस्ट लागते का ते ठरवायचं. याला आम्ही रिस्क असेसमेंट म्हणतो. मी ते केलंच नव्हतं.

“परशराम, तुम्हाला धोका नव्हताच. पहिल्या दिवशीही नव्हता.”

“मग दर वेळी ‘तीन महिन्यांनी परत या’ असं का सांगत होता?”

लागण झाली असली तरी टेस्टमध्ये दिसायला काही आठवडे जातात. त्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. म्हणून खरोखर धोका घडलेल्याला तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायला सांगायचं. मी मात्र रिपोर्ट हातात देताना सगळ्यांनाच ते वाक्य म्हणायचे, दुकानदार ‘या परत’ म्हणतो तसं. परशरामला वाटलं, अजून सुटका झालेली नाही. त्या भीतीनं तो नऊ महिने घरी गेला नव्हता.

“तिच्याजवळ जायला जीव तुटतोय, अक्का. पोरीचा मुका घ्यायचाय. पण त्यांना काय झालं तर?”

“काही होणार नाही. टेस्ट नको. घरी जा.”

“बायकोला काय सांगू?”

“ते तुम्ही ठरवा. पण आजाराची भीती मध्ये आणू नका.”

त्याच संध्याकाळच्या बसनं तो गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा फोन आला. बायकोला सगळं सांगितलं होतं. ती रडली, भांडली, मग तिनं जेवायला वाढलं.

“पण पोरगी जवळ येईना झालीय, अक्का. मला बघितलं की रडते. रजा चारच दिवसांची. तेवढ्यात ओळख पटंल काय?”



आता रांग कितीही असो, नेमकं काय घडलं ते मी आधी विचारते, आणि जमेल तेव्हा माणसाच्या भाषेत विचारते. फार तर अर्धा तास जातो. परशरामच्या वेळी मी तो वाचवला, आणि त्याच्या लेकीचं रांगणं त्याला बघायला मिळालं नाही.